समजून घ्या : टायटॅनियम, इन्कोनेल कापताना कटर का तुटतो? व्हीएमसीसाठी टूलपाथ कसा लिहावा?

छत्रपती संभाजीनगर : चिकलठाणा एमआयडीसीतल्या लहान वर्कशॉपची भिस्त अनेक वर्षे वाहन उद्योगावर राहिली आहे. १९८५ मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकी-तीनचाकीचे सुटे भाग करणाऱ्या शेड शहराच्या दोन्ही टोकांना वाढत गेल्या. साधे पोलाद, बिडाचे कास्टिंग आणि ॲल्युमिनियम हे इथले रोजचे धातू. आता चित्र बदलते आहे. बिडकीनमध्ये इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथर एनर्जीने २०२४ मध्ये प्रकल्प जाहीर केला. त्याच वर्षी जुलैमध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटरने राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. विजेवर चालणाऱ्या स्कूटरमध्ये क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह, पिस्टन नसतात. त्यामुळे इंजिनच्या भागांवर जगणाऱ्या शेडना डाय-मोल्ड, औषध कारखान्यांची यंत्रे, संरक्षण आणि विमान क्षेत्र अशा नव्या कामांकडे बघावे लागते.

अशी नवी चौकशी येते तेव्हा ड्रॉइंगच्या कोपऱ्यात मटेरियलचे नाव वेगळे असते. एसएस ३१६, हार्डनिंग केलेले एचसीएचसीआर, टायटॅनियम ग्रेड ५ किंवा इन्कोनेल ७१८. कामाचा दर चांगला असतो, पण जोखीमही तेवढीच. जॉब वर्कमध्ये महागडा ठोकळा बहुतेक वेळा ग्राहकाचा असतो आणि मशीनचा हप्ता आपला. शेवटच्या अर्ध्या तासात कटर तुटून जॉबमध्ये रुतला, तर आधीच्या दहा जॉबची कमाई एका फटक्यात जाते. हे कशामुळे होते आणि प्रोग्राम लिहितानाच ते कसे टाळता येते, याचा हा आढावा.

‘अवघड’ धातू म्हणजे नेमके काय?

कडक धातू म्हणजे अवघड धातू, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. टायटॅनियम ग्रेड ५ हा हार्डनिंग केलेल्या डाय स्टीलपेक्षा बराच मऊ असतो, तरी कटर लवकर खातो. कारण उष्णता.

धातू कापताना जी उष्णता तयार होते ती कुठे तरी जावी लागते. साध्या पोलादात तिचा मोठा वाटा चिपबरोबर बाहेर पडतो. म्हणून चिप निळी पडते आणि कटर तुलनेने थंड राहतो. उष्णता वाहून नेण्याची क्षमता वॅट प्रति मीटर-केल्विन या एककात मोजतात. ॲल्युमिनियम ६०६१ साठी हा आकडा सुमारे १६७ आहे. साध्या कार्बन स्टीलसाठी तो ५० च्या आसपास, एसएस ३०४ साठी १६, इन्कोनेल ७१८ साठी ११ आणि टायटॅनियम ग्रेड ५ साठी जेमतेम ७ आहे. म्हणजे टायटॅनियममध्ये उष्णता जॉबमध्येही पसरत नाही आणि चिपमध्येही पुरेशी जात नाही. ती कटरच्या धारेवर साठून राहते.

टायटॅनियमची दुसरी अडचण लवचीकपणाची आहे. त्याचा ताठपणा पोलादाच्या साधारण निम्मा आहे. पातळ भिंत कटरच्या दाबाने मागे सरकते, कटर गेला की परत येते आणि पाठीमागच्या दाताला घासते. इन्कोनेलचे दुखणे वेगळे. तापल्यावरही तो आपली ताकद सोडत नाही. जेट इंजिनच्या गरम भागात तो वापरतात ते याच गुणामुळे. जो गुण इंजिनमध्ये उपयोगी, तोच मशीनवर डोकेदुखी होतो.

घासले की धातू आणखी कडक होतो, म्हणजे काय?

स्टेनलेस स्टील आणि इन्कोनेल यांच्यात ‘वर्क हार्डनिंग’चा गुण जोरदार असतो. कटरने नीट कापले नाही, नुसते घासले, तर पृष्ठभागावर एक पातळ कडक थर तयार होतो. पुढचा दात त्या थरावर आदळतो आणि त्याची धार बसते. बसलेली धार आणखी घासते, आणखी उष्णता होते. काही मिनिटांत कटर संपतो.

याचा धडा प्रस्तुत लेखकाला इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षी एका छोट्या शेडमध्ये मिळाला. एसएस ३०४ च्या प्लेटमध्ये पॉकेट सुरू होते. कटरचा आवाज ऐकून भीती वाटली म्हणून फीड ओव्हरराइडचा नॉब १०० वरून ३० टक्क्यांवर आणला. आवाज कमी झाला, बरे वाटले. थोड्या वेळाने तळ आरशासारखा चमकू लागला आणि कटर तुटला. नवा कटर लावला, तोही त्याच जागी गेला. मग तिथल्या जुन्या सेटरकाकांनी नॉब पुन्हा १०० वर नेला आणि चमकणाऱ्या थराच्या खाली जाईल एवढी खोली देऊन तो थर एका दमात काढला. तिसरा कटर शेवटपर्यंत टिकला. आवाजाला घाबरून फीड कमी करणे म्हणजे कटरला कापायचे सोडून घासायला लावणे, हे त्या दिवशी कळले. त्या दोन कटरची किंमत मात्र शेडमालकाच्या खिशातून गेली.

म्हणून या धातूंसाठी पहिला नियम असा : आवाज किंवा कंप वाढला, तर आधी आरपीएम कमी करून बघा. दातामागचे फीड एका मर्यादेखाली कधीही आणू नका. आणि कटर धातूला टेकलेला असताना तो जागेवर थांबवू नका. प्रोग्राममध्ये टाकलेला छोटासा थांबाही घासण्याचेच काम करतो.

वेग किती ठेवायचा?

कोटेड कार्बाइड एंडमिलसाठी सुरुवातीचे अंदाजे कटिंग स्पीड, मीटर प्रतिमिनिटात, असे धरता येतात :

- ॲल्युमिनियम ६०६१ : ३०० किंवा जास्त (मशीनचा स्पिंडल जेवढे देईल तेवढे)
- ईएन-८ : १२० ते १८०
- एसएस ३०४, ३१६ : ७० ते ११०
- हार्डनिंग केलेले एचसीएचसीआर (५८-६० रॉकवेल सी) : ५० ते ८०
- टायटॅनियम ग्रेड ५ : ४० ते ६०
- इन्कोनेल ७१८ : २० ते ३५

कटर कंपनीच्या कॅटलॉगमध्ये आकडा दिला असेल तर तोच आधी पाहावा. वरचे आकडे फक्त कुठून सुरू करायचे ते सांगतात.

वेगाचा मोह का टाळायचा, याचे गणित शंभर वर्षांहून जुने आहे. अमेरिकी अभियंता फ्रेडरिक टेलर यांनी १९०७ मध्ये धातू कापण्यावरचे आपले प्रदीर्घ प्रयोग प्रसिद्ध केले. कटिंग स्पीड थोडे वाढवले तरी कटरचे आयुष्य कितीतरी पटीने घटते, हे त्यांच्या सूत्राने दाखवले. कार्बाइडसाठी त्या सूत्रातला घातांक साधारण ०.२५ धरतात. त्यानुसार वेग २० टक्के वाढवला की आयुष्य निम्म्याहून थोडे कमी उरते.

रुपयांत पाहू. समजा मशीनचा तासाचा दर ६०० रुपये आहे, कटर ३,००० रुपयांचा आहे, तो ६० मिनिटे टिकतो आणि जॉबला ६० मिनिटेच लागतात. खर्च ३,६०० रुपये. आता वेग २० टक्के वाढवला. जॉब ५० मिनिटांत झाला, मशीनचे १०० रुपये वाचले. पण कटर आता २९ मिनिटेच टिकतो, म्हणजे एका जॉबला पावणेदोन कटर लागले. खर्च सुमारे ५,७०० रुपयांवर गेला. उलट वेग १० टक्के कमी केला, तर जॉबला ६७ मिनिटे लागतात, पण कटरचे आयुष्य दीडपट होते आणि खर्च सुमारे २,८५० रुपयांवर येतो. आपल्या शेडचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच राहील. एक पथ्य मात्र पाळावे लागते. स्टेनलेसमध्ये वेग फारच कमी केला तर धातू धारेला चिकटू लागतो.

आरपीएम आणि फीडचा हिशेब कसा करायचा?

कटिंग स्पीडला १,००० ने गुणायचे आणि ३.१४ गुणिले कटरचा व्यास याने भागायचे, की आरपीएम मिळतो. १० मिमीचा कटर आणि टायटॅनियमसाठी ५० मीटर वेग धरला, तर आरपीएम येतो सुमारे १,५९०.

फीड म्हणजे आरपीएम गुणिले दातांची संख्या गुणिले दातामागचे फीड. चार दातांचा कटर आणि दातामागे ०.०५ मिमी धरले, तर फीड ३१८ मिमी प्रतिमिनिट होते. इथपर्यंतचे गणित आयटीआयमध्येही शिकवतात. बहुतेक कटर तुटतात ते याच्या पुढच्या दोन गोष्टी सुटल्यामुळे. एक म्हणजे चिपची खरी जाडी आणि दुसरी म्हणजे कोपरा.

‘चिप थिनिंग’ म्हणजे काय?

कटर निम्म्या किंवा त्याहून जास्त रुंदीने धातूत असतो तेव्हा दातामागचे फीड ०.०५ मिमी दिले की चिपची कमाल जाडीही ०.०५ मिमी मिळते. पण कटर बाजूने थोडासाच कापत असेल, तर दात धातूत शिरतो न शिरतो तोच बाहेर पडतो आणि चिप पातळ निघते. १० मिमीच्या कटरने बाजूने १ मिमीच कापले, म्हणजे स्टेपओव्हर १० टक्के ठेवला, तर चिपची कमाल जाडी दिलेल्या फीडच्या फक्त ६० टक्के राहते. स्टेपओव्हर ५ टक्के असेल तर ती ४४ टक्क्यांवर येते.

म्हणजे प्रोग्राममध्ये ०.०५ लिहिले, पण कटरला ०.०३ च मिळाले. प्रोग्रामरला वाटते आपण जपून चाललो आहोत, प्रत्यक्षात कटर घासतो आहे. खरी ०.०५ मिमी जाडी हवी असेल, तर दातामागचे फीड ०.०८३ लिहावे लागेल. वरच्या उदाहरणात फीड ३१८ वरून सुमारे ५३० मिमी प्रतिमिनिट होईल. स्टेपओव्हर कमी केला की फीड वाढवायचे, हे ऐकायला उलटे वाटते, पण अवघड धातूंसाठी तेच बरोबर आहे.

कटर नेमका कोपऱ्यातच का तुटतो?

कटरच्या परिघाचा किती भाग एका वेळी धातूत आहे, याला ‘एंगेजमेंट’ म्हणतात आणि ती अंशात मोजतात. पूर्ण रुंदीचा स्लॉट कापताना ती १८० अंश असते. १० टक्के स्टेपओव्हरने सरळ भिंत कापताना ती फक्त ३७ अंश असते. प्रत्येक दात फेरीच्या दहाव्या भागातच काम करतो आणि उरलेल्या वेळात थंड होतो.

आता हाच कटर पॉकेटच्या काटकोनी कोपऱ्यात शिरला की समोरची भिंतही त्याच्या वाट्याला येते. ३७ अंशांची एंगेजमेंट क्षणात १२७ अंशांवर जाते. फीड तेच, वेग तोच, पण काम साडेतीन पटीच्या आसपास. साध्या पोलादात कटर नुसता ओरडतो. टायटॅनियम आणि इन्कोनेलमध्ये धार उडते.

कोपऱ्याला गोलाई असली तरी एक चूक लपलेली असते. मशीनला आपण कटरच्या मध्यबिंदूचे फीड सांगतो. आतल्या गोलाईत कटरची बाहेरची धार मध्यबिंदूपेक्षा जास्त वेगाने पुढे सरकते. कोपऱ्याची त्रिज्या ८ मिमी आणि कटरची ५ मिमी असेल, तर मध्यबिंदू ३ मिमी त्रिज्येवर फिरतो आणि धारेवरचे फीड २.७ पट होते. म्हणून जी०२ किंवा जी०३ च्या त्या ओळीत फीड तीन-अष्टमांश करावे लागते. बऱ्याच कॅम सॉफ्टवेअरमध्ये कोपऱ्यात फीड कमी करण्याचा पर्याय असतो, पण तो चालू करावा लागतो.

सोपा उपाय कटर निवडतानाच करता येतो. कोपरा ५ मिमी त्रिज्येचा असेल तर १० मिमीचा कटर वापरू नये. त्याला वळायला जागाच उरत नाही, तो कोपऱ्यात थांबून दिशा बदलतो. तिथे ८ किंवा ६ मिमीचा कटर घ्यावा. ग्राहकाशी बोलून ५ च्या जागी ६ मिमीची गोलाई मिळवता आली, तर त्याहून उत्तम. ड्रॉइंग पाहताना हा प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

अ‍ॅडॅप्टिव्ह टूलपाथने काय बदलते?

संख्यांच्या आज्ञेवर चालणारे मिलिंग मशीन अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने १९५२ मध्ये दाखवले. तेव्हापासून बराच काळ पॉकेट रिकामे करण्याची रीत एकच होती. भिंतीचा आकार आतल्या बाजूला थोडा थोडा सरकवत जायचे. त्यात स्टेपओव्हर कायम राहतो, पण एंगेजमेंट कोपऱ्याकोपऱ्यात उसळी मारते.

अ‍ॅडॅप्टिव्ह पद्धतीत उलटे होते. सॉफ्टवेअर एंगेजमेंट कायम ठेवते आणि त्यासाठी वाट वाकवते. कोपरा आला की कटर त्यात थेट घुसत नाही, लहान लहान वळणे घेत तो पोखरतो. मास्टरकॅममध्ये याला ‘डायनॅमिक’, ऑटोडेस्क फ्यूजनमध्ये ‘अ‍ॅडॅप्टिव्ह क्लिअरिंग’, सॉलिडकॅममध्ये ‘आयमशिनिंग’ म्हणतात. नावे वेगळी, तत्त्व तेच.

फरक आकड्यांत बघा. जुन्या रीतीने १० मिमीच्या कटरने टायटॅनियममध्ये पूर्ण रुंदीचा स्लॉट २ मिमी खोलीने कापला आणि फीड १५० मिमी ठेवले, तर मिनिटाला ३ घनसेंटीमीटर धातू निघतो. अ‍ॅडॅप्टिव्ह रीतीने स्टेपओव्हर १ मिमी, खोली १५ मिमी आणि फीड ५३० मिमी ठेवले, तर जवळपास ८ घनसेंटीमीटर निघतो. शिवाय झीज धारेच्या खालच्या २ मिमीवर न पडता १५ मिमीवर वाटली जाते.

मात्र ही पद्धत डोळे झाकून लावू नये. खोल कापताना जॉबची पकड मजबूत हवी. पातळ भिंती असतील तर दोन्ही बाजूंनी आळीपाळीने, थोडे थोडे खाली जात कापावे, म्हणजे भिंतीला खालून आधार राहतो. इन्कोनेलमध्ये एकाच खोलीवर सारखे कापत राहिले, तर धारेवर त्या रेषेत खाच पडते. प्रत्येक पासची खोली थोडी बदलली की झीज विभागली जाते.

कटर धातूत कसा शिरवायचा?

वरून सरळ खाली कटर घुसवणे या धातूंमध्ये सर्वात महाग पडते. दोन-तीन अंशांच्या उतारावर गोल फिरत, म्हणजे हेलिकल रॅम्पने उतरावे. किंवा आधी ड्रिलने भोक पाडून त्यातून सुरुवात करावी. बाजूने शिरतानाही सरळ रेषेत आदळण्यापेक्षा कमानीने आत यावे.

दिशा महत्त्वाची आहे. क्लाइंब मिलिंगमध्ये दात जाड चिपने सुरुवात करतो आणि शून्यावर बाहेर पडतो. उलट दिशेत तो शून्यापासून सुरू करतो, म्हणजे आधी घासतो, मग कापतो. वर्क हार्डनिंग होणाऱ्या धातूत हे टाळलेच पाहिजे. स्पिंडल एम०३ वर, म्हणजे नेहमीच्या दिशेने फिरत असताना पॉकेटच्या आत घड्याळाच्या उलट आणि जॉबच्या बाहेरून घड्याळाच्या दिशेने फिरले की क्लाइंब होते. जी४१ त्यासाठीच आहे. स्क्रूत ढिलेपणा असलेल्या जुन्या मशीनवर मात्र क्लाइंबमध्ये जॉब ओढला जातो, तिथे आधी मशीन दुरुस्त करावी.

कूलंट सोडायचे की हवा?

उत्तर धातूप्रमाणे बदलते. टायटॅनियम, इन्कोनेल आणि स्टेनलेससाठी भरपूर कूलंट हवे आणि त्याची धार नेमकी कटरच्या दातावर पडायला हवी. कूलंटचे दुसरे काम चिप्स बाहेर काढणे हे आहे. पॉकेटमध्ये साचलेली चिप पुन्हा कटरखाली आली, तर धार उडायला एक फेरी पुरते.

हार्डनिंग केलेल्या एचसीएचसीआरमध्ये उलट आहे. दात दर फेरीला तापतो आणि बाहेर येताच कूलंटने गार पडतो. या हिसक्यांनी कार्बाइडला बारीक तडे जातात. तिथे कोटेड कटरवर कोरड्या हवेचा झोत वापरावा. खोल आणि अरुंद कोपरे असतील तर मिलिंगचा हट्ट सोडून ते काम स्पार्क मशीनला, म्हणजे ईडीएमला द्यावे.

टायटॅनियमबाबत सुरक्षेचा मुद्दा वेगळा सांगायला हवा. त्याच्या बारीक, पातळ चिप्स पेट घेऊ शकतात. बोथट कटरने कोरडे कापणे हे त्याचे निमंत्रण आहे. अशा आगीवर पाणी ओतू नये. जळत्या धातूवर पाणी पडले की हायड्रोजन तयार होतो आणि भडका उडतो. मशीनजवळ कोरड्या वाळूची बादली किंवा धातूच्या आगीसाठीचे डी वर्गाचे अग्निशामक ठेवावे. चिप्स रोज काढून वेगळ्या, झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. आणि मशीनचे दार बंद ठेवूनच कापावे, तुटलेला कार्बाइड गोळीसारखा येतो.

प्रोग्राम बरोबर, तरी कटर तुटतो. मग काय तपासायचे?

पहिली तपासणी रनआउटची. कटर लावल्यावर डायल लावून तो हाताने फिरवून बघावा. दोन दातांच्या कटरला ०.०२ मिमी रनआउट असेल आणि दातामागे ०.०४ मिमी फीड दिले असेल, तर एका दाताला ०.०६ आणि दुसऱ्याला ०.०२ मिळते. एकावर तिप्पट भार पडतो, दुसरा घासतो. कोलेट आणि त्याचा नट पुसून पुन्हा बसवला की बऱ्याचदा निम्मा दोष जातो.

दुसरी तपासणी कटर किती बाहेर काढला आहे याची. कटरचे वाकणे बाहेर आलेल्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. ३० मिमीच्या जागी ६० मिमी बाहेर काढला की तो तेवढ्याच दाबाला आठपट वाकतो. व्यास १० वरून १२ मिमी केला, तर वाकणे निम्म्यावर येते. म्हणून जेवढी गरज तेवढाच कटर बाहेर ठेवावा.

तिसरी गोष्ट पकडीची. खोल अ‍ॅडॅप्टिव्ह कापताना कटर खाली ओढला जातो आणि साध्या कोलेटमधून हळूहळू सरकतो. तळ ठरल्यापेक्षा खोल गेला तर आधी हेच बघावे. रफिंगसाठी हायड्रॉलिक किंवा साइड-लॉक होल्डर जास्त भरवशाचे.

चौथी गोष्ट कंट्रोलरची. अ‍ॅडॅप्टिव्ह प्रोग्राममध्ये हजारो बारीक ओळी असतात. जुना कंट्रोलर त्या वेळेत वाचू शकला नाही तर मशीन अडखळते, आणि प्रत्येक अडखळण्यात कटर घासतो. कॅममध्ये आर्क फिल्टर चालू करून छोट्या रेषांच्या जागी कमानी घ्याव्यात. फानुक कंट्रोलवर पर्याय उपलब्ध असेल तर जी०५.१ क्यू१ देऊन बघावे.

शिकायचे कुठे, सुरुवात कशी करायची?

यासाठी लांब जावे लागत नाही. केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाची इंडो-जर्मन टूल रूम चिकलठाणा एमआयडीसीतच आहे. टूल अँड डाय मेकिंगपासून कॅड-कॅम आणि सीएनसी प्रोग्रामिंगपर्यंतचे अभ्यासक्रम तिथे चालतात. वाळूजच्या मराठवाडा ऑटो क्लस्टरमध्ये लहान उद्योगांसाठी सामाईक सुविधा आहेत.

पहिले काम घेण्यापूर्वी त्याच धातूचा एक तुकडा ग्राहकाकडून चाचणीसाठी मागावा आणि दरपत्रकात चाचणीचा व कटरचा खर्च वेगळा दाखवावा. चाचणीत फक्त एक सरळ भिंत, एक कोपरा आणि एक हेलिकल रॅम्प कापून बघावा. दर दहा मिनिटांनी मशीन थांबवून कटर भिंगाखाली बघावा. झीज कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवावी. खऱ्या जॉबमध्ये कटर त्या वेळेच्या आधी बदलायचा, तुटायची वाट बघायची नाही.

अशी नोंदवही शेडमध्ये असेल, तर आरपीएम, फीड, स्टेपओव्हर, खोली, कटर किती बाहेर होता आणि तो किती मिनिटे टिकला, या सहा गोष्टी प्रत्येक धातूसमोर लिहाव्यात. हे ज्ञान सध्या बहुतेक ठिकाणी एखाद्या जुन्या सेटरच्या डोक्यात असते आणि त्याने नोकरी सोडली की त्याच्याबरोबर जाते. वहीत उतरले तर पुढच्या इन्कोनेलच्या चौकशीला दर लावताना अंदाजाची गरज उरणार नाही.